सरकारचा हिस्सा आणि रोग्याचा खिसा

एखाद्या देशात वर्षभरात डॉक्टरांची फी, औषधे, रुग्णालयातील खाटा, लसी, तपासण्या आणि या सर्वांचा कारभार यांवर जी रक्कम खर्ची पडते, तिच्यातील किती भाग सरकारी खजिन्यातून किंवा सरकारने कायद्याने सक्तीच्या केलेल्या विम्यातून येतो, असा साधा प्रश्न देशोदेशीच्या हिशेबनिसांना विचारला असता मिळणारी उत्तरे परस्परांपासून इतकी दूरची असतात, की ती सर्व माणसाच्या त्याच त्या दुखण्यांविषयी आहेत यावर सहजासहजी विश्वास बसू नये. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी आणि जपान या देशांत हा हिस्सा शंभरास सुमारे ८५ आहे. ब्रिटनमध्ये तो ८०च्या आसपास, कॅनडा व ऑस्ट्रेलियात ७०च्या आसपास आणि दक्षिण कोरियात ६०च्या आसपास आढळतो. ब्राझीलमध्ये, जेथे आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य असल्याचे १९८८च्या राज्यघटनेत स्पष्ट नमूद आहे, तेथे तो निम्म्यालाही पोहोचत नाही. आणि नायजेरिया वा बांगलादेश येथे तो चतुर्थांशाच्या आतच राहतो. अमेरिकेचा आकडा कोणता सांगावा हाच एक स्वतंत्र वादाचा विषय असल्याने तो तूर्त बाजूस ठेवू.

अर्थसंकल्पाच्या दिवसांत असे कोष्टक कोठे तरी छापून येते आणि नीतिशास्त्राच्या परीक्षेचा निकाल वाचावा तसे ते वाचले जाते : वरच्या क्रमांकाची राष्ट्रे प्रजावत्सल, खालची निर्दय. आमच्या मते या वाचनात मोठी गफलत आहे. टक्का म्हणजे अंश आणि छेद यांचे नाते; अंश जागच्या जागी राहून छेद आक्रसला तरी टक्का वाढतो, आणि म्हणून सरकारने एक पैसाही जादा न खर्चता, केवळ लोकांनी परवडत नाही म्हणून औषधपाणी सोडून दिल्याने सरकारचा हिस्सा फुगलेला दिसू शकतो. तेव्हा सरकारचा हिस्सा किती, या प्रश्नाहून, जो हिस्सा सरकारचा नाही तो आजाराच्या ऐन घटकेला रोग्याच्या खिशातून रोखीने जातो की धडधाकट असतानाच कोणत्या तरी सामाईक निधीत जमा होऊन राहिलेला असतो, हा प्रश्न आम्हांस अधिक निर्णायक वाटतो. आणि त्याचा निकाल बहुतेक देशांत वैद्यकशास्त्राने किंवा अर्थशास्त्राने नव्हे, तर त्या त्या देशाच्या राजकारणातील एखाद्या विवक्षित प्रसंगाने लावलेला आढळतो.

देशोदेशीच्या खर्चाची अशी तुलना करण्याची विद्याही फार जुनी नाही. लंडनमधील प्राध्यापक ब्रायन एबल-स्मिथ यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६३ आणि १९६७ मध्ये केलेल्या दोन पाहण्या हे या मार्गावरील पहिले भरीव पाऊल. त्यापूर्वी कोणत्या देशाने दवाखान्याच्या खर्चात काय धरावे आणि काय वगळावे याला काहीच धरबंध नव्हता. पुढे २००० मध्ये आणि नंतर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी हिशेबाची एक सामाईक पद्धती ठरवून दिली आणि तिच्यामुळे राष्ट्रांचे जमाखर्च एका पाटावर मांडता येऊ लागले. तथापि, पाट एक झाला तरी सरकार कोणास म्हणावे हा तंटा काही मिटला नाही, हे पुढे दिसेलच.

कथेचा आरंभ १८८३च्या जर्मनीपासून करावयास हवा. समाजवाद्यांच्या चळवळीवर १८७८ मध्ये कायद्याने बंदी घालून झाल्यावर बिस्मार्कने त्याच चळवळीतील कामगारांना आपलेसे करण्यासाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा आणला. त्यान्वये वर्गणीचे दोन तृतीयांश कामगाराच्या वेतनातून कापले जात आणि एक तृतीयांश मालक भरी, आणि त्या पैशाचा कारभार सरकारी खाते नव्हे तर व्यवसायवार आणि गाववार स्थापन झालेले आजारनिधी पाहत. गंमत अशी, की राष्ट्राच्या तिजोरीवर या वर्गणीचा भार नव्हता, आणि तरीही आज जर्मनीच्या नावापुढे जो ८५चा आकडा झळकतो त्यातील सिंहाचा वाटा याच निधींचा आहे, कारण कायद्याने सक्तीची केलेली वर्गणी ही कराचीच सख्खी बहीण मानावी, असा हिशेबनिसांचा संकेत आहे. हा संकेत आम्हांस योग्यच वाटतो. परंतु त्यायोगे ‘सरकारचा हिस्सा’ हे शब्द वाचताना डोळ्यांपुढे जे सरकारी इस्पितळ आणि सरकारी पगाराचा डॉक्टर उभा राहतो, त्याचा या आकड्याशी संबंध असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. जपानने १९२२च्या कायद्याने हाच मार्ग धरला आणि १९६१ पर्यंत एकूण एक रहिवाशास कोणत्या ना कोणत्या विम्यात आणले. तेथील बहुसंख्य रुग्णालये आजही खाजगी आहेत, परंतु कोणत्या उपचारास किती मोबदला याचे दरपत्रक सरकार ठरविते, दर दोन वर्षांनी त्याची फेरतपासणी करते, आणि त्या दरपत्रकाबाहेर जाण्यास खाजगी रुग्णालयाला फारशी मोकळीक ठेवीत नाही. पैसा कोणाचा आणि इमारत कोणाची हे दोन प्रश्न जपानइतके स्वच्छ वेगळे झालेले क्वचितच पाहावयास मिळतात.

ब्रिटनने आरंभी जर्मनीचेच अनुकरण केले. लॉइड जॉर्ज यांच्या १९११च्या कायद्याने कामगारास डॉक्टर मिळाला, पण त्याची बायको आणि मुले त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. आणि युद्ध चालू असतानाच १९४२ मध्ये सामाजिक विम्याविषयीचा बेव्हरिजचा अहवाल प्रसिद्ध झाला नसता, युद्धकाळात सारी रुग्णालये एका हुकमतीखाली आणावी लागली नसती, आणि १९४५च्या निवडणुकीत मजूरपक्ष प्रचंड बहुमताने आला नसता, तर हा अर्धामुर्धा विमा किती वर्षे तसाच रेंगाळला असता कोण जाणे. ५ जुलै १९४८ रोजी अन्युरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा वर्गणीचा दाखला पाहून उपचार करण्याची रीतच संपुष्टात आली. खर्च सर्वसाधारण करांतून, आणि दारात येणाऱ्यास काही न विचारता सेवा. मात्र या तत्त्वाला तीन वर्षांच्या आतच मुरड पडली, हे त्या सेवेचे भक्त क्वचितच सांगतात. कोरियातील युद्धामुळे शस्त्रास्त्रांचा खर्च वाढला, अर्थमंत्री गेट्स्केल यांनी १९५१च्या अंदाजपत्रकात कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसविले, आणि त्या क्षुल्लक रकमेपायी बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. रक्कम क्षुल्लक होती, मुद्दा नव्हता : एकदा खिशात हात घालावयास लावला की पुढल्या वेळी किती खोल, एवढाच प्रश्न उरतो, हे बेव्हन यांनी ओळखले होते. पुढल्याच वर्षी औषधांच्या चिठ्ठीवरही शुल्क बसले. ते इंग्लंडात आजही आहे, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी मात्र ते उठविले आहे.

सोविएत रशियाने १९१८ मध्येच सेमाश्को यांच्या अधिपत्याखाली आरोग्याचे स्वतंत्र खाते उघडून सारी सेवा सरकारच्या अंगावर घेतली. ते राज्य कोसळल्यावर त्याच्या काही माजी प्रजासत्ताकांत खर्चाचा भार जवळजवळ एका रात्रीत रोग्यावर येऊन पडला. आर्मेनियात अलीकडेपर्यंत निम्म्याहून कितीतरी अधिक भाग खिशातून जात असे.

आता अमेरिकेकडे वळू, कारण हिस्सा या कल्पनेची खरी कसोटी तेथेच लागते. १९२९ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथील एका रुग्णालयाने तेथील शाळाशिक्षकांना महिना ५० सेंट घेऊन वर्षातून २१ दिवस खाट देण्याचा करार केला, आणि त्यातून रुग्णालयविम्याचे झाड वाढीस लागले. १९४२ मध्ये युद्धकालीन नियंत्रणामुळे वेतनवाढ देता येईना, तेव्हा मालकांनी कामगार टिकविण्यासाठी विम्याचे आमिष दाखविले. १९५४च्या करसंहितेने मालकाने भरलेला हा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वगळला. आणि अशा रीतीने कोणत्याही विधिमंडळाने समग्र विचार करून न ठरविता, वेतननियंत्रण आणि करसवलत यांच्या योगायोगातून, जगातील सर्वांत खर्चिक आरोग्यव्यवस्थेचा पाया रचला गेला. ट्रूमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय विम्याची योजना मांडली, ती डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे टिकली नाही. आणि १९६५ मध्ये जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली, ती मुद्दाम ट्रूमन यांच्या गावी जाऊन, वृद्ध ट्रूमन यांना शेजारी बसवून केली. नोकरी करणारा मधला वर्ग मात्र खाजगी विम्याकडेच राहिला.

या देशात सरकारचा हिस्सा किती? जुन्या मोजणीने जेमतेम निम्मा. परंतु २०१०च्या कायद्याने विमा घेणे सक्तीचे झाले, आणि ती सक्ती अमलात येताच, म्हणजे २०१४ पासून, श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार संघटनेने अमेरिकेतील खाजगी विम्याचा मोठा भाग ‘सरकारी आणि सक्तीचा’ या एकाच सदराखाली टाकला; परिणामी एका वर्षात, एकाही रोग्याचे बिल दुसऱ्या कोणी भरले नसता, अमेरिकेचा आकडा निम्म्यावरून ८०च्या पलीकडे उडी मारून युरोपच्या पंक्तीला जाऊन बसला. पुढे विमा न घेणाऱ्यावरील दंड २०१९ पासून शून्यावर आणण्यात आला, म्हणजे सक्ती नावापुरतीच राहिली, तरी आकडा पंक्तीतून उठला नाही. उलट बाजूने पाहू गेल्यास, मालकाच्या हप्त्यावरील करसवलत ही सरकारने सोडून दिलेली रक्कम असूनही कोणत्याच सरकारी सदरात दिसत नाही. ती आणि सरकारी नोकरांच्या विम्याचा हप्ता धरून वूलहँडलर आणि हिमेलस्टीन या अभ्यासकांनी २०१३ साठी करदात्याचा खरा हिस्सा ६४ टक्क्यांच्या घरात काढला होता. निम्मा, ६४ आणि ८०हून अधिक : एकाच देशाचे, जवळजवळ एकाच काळाचे, हे तीन आकडे, आणि तिन्हींनाही आधार आहे. आणि यांतील सर्वांत लहान आकडा धरला तरी अमेरिकेचे सरकार दरडोई जेवढे खर्च करते तेवढा ब्रिटनचा सरकारी आणि खाजगी मिळून होणारा दरडोई खर्चही नाही. ज्या देशाची ख्याती सरकारने हात आखडता घेतल्याबद्दल आहे, त्याचे सरकार प्रत्यक्षात जगातील सर्वांत उधळ्या सरकारांपैकी एक आहे. कारण छेदच एवढा विशाल, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के, की त्याचा अर्धा भागही इतरांच्या पूर्णावर मात करतो.

स्वित्झर्लंड आणि हॉलंड यांची उदाहरणे याच कुळातील. स्वित्झर्लंडने लोकमताने संमत केलेल्या आणि १९९६ पासून अमलात आलेल्या कायद्याने, तर हॉलंडने २००६ पासून, प्रत्येक रहिवाशास खाजगी विमाकंपनीकडून विमा घेणे भाग पाडले. सरकार म्हणजे केवळ तिजोरी असे मानले तर स्विस सरकार कंजूष ठरते, सक्तीचा विमा धरला तर बऱ्यापैकी उदार ठरते. पण स्विस रोग्याला मात्र एकूण खर्चाच्या पंचमांशाहून अधिक भाग स्वतः रोखीने द्यावा लागतो आणि डच रोग्याला त्याच्या निम्म्याच्या जवळपास. हा भेद कोष्टकातील सरकारी हिश्श्याच्या स्तंभात कोठेच दिसत नाही. तो पाहण्यासाठी खिशाचा स्तंभ काढावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१०च्या अहवालात या खिशाच्या स्तंभासंबंधी एक मर्यादा सांगितली होती, ती आम्हांस सर्व कोष्टकांहून उपयोगी वाटते : एकूण खर्चातील रोखीचा भाग १५ ते २० टक्क्यांच्या खाली आला, म्हणजे आजारपणाने कुटुंब देशोधडीस लागण्याचे प्रमाण नगण्य होऊ लागते. फ्रान्समध्ये हा भाग दहाच्याही आत आहे, कारण १९४५च्या सामाजिक विम्याने जे सुटते ते परस्परसाहाय्याच्या मंडळांचा पुरवणी विमा भरून काढतो. कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांताने १९६२ मध्ये डॉक्टरांचा २३ दिवसांचा संप सोसून सार्वत्रिक वैद्यकीय विमा सुरू केला आणि तो पुढे देशभर पसरला. परंतु रुग्णालयाबाहेरची औषधे आणि दातांचे उपचार त्या व्यवस्थेत कधी पुरते आलेच नाहीत, आणि सरकारचा हिस्सा ७०च्या आसपास अडून राहिला तो बहुतांशी त्यामुळेच.

मात्र खिशाचा स्तंभही सर्वकाळी विश्वासास पात्र असतो असे नाही, आणि दक्षिण आफ्रिका हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय. तेथे रोखीचा भाग दहा टक्क्यांच्याही आत, म्हणजे पाहणाऱ्यास युरोपचा भास व्हावा. परंतु जो जवळजवळ निम्मा खर्च खाजगी विमानिधींतून होतो, तो लोकसंख्येच्या सहाव्या हिश्श्याइतक्या लोकांसाठी होतो, आणि उरलेल्या पाच हिश्श्यांनी सरकारच्या निम्म्यात भागवावयाचे असते. जेथे काळजीची निकड सर्वाधिक तेथे ती सर्वांत कमी पोहोचते, हा वेल्समधील खाणकामगारांचे डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडलेला उलटा नियम इथे पैशाच्या रूपाने उतरला आहे.

श्रीमंत देशांत सरकारचा हिस्सा मोठा आणि गरीब देशांत लहान, ही सर्वसाधारण प्रवृत्ती का असावी? केनेथ ॲरो यांनी १९६३च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दाखविले, की आजार कधी येईल हे रोग्यास ठाऊक नसते आणि उपचार योग्य की अयोग्य हे त्यास पारखता येत नाही, म्हणून हा बाजार भाजीबाजाराच्या नियमाने चालू शकत नाही. परंतु हे कारण गरीब देशालाही तितकेच लागू आहे. भेद कारणात नसून वसुलीत आहे. जेथे बहुसंख्य लोक पगारपत्रकावर आहेत तेथे वेतनातून वर्गणी कापणे हे कारकुनाचे काम. जेथे बहुसंख्य लोक शेतात, हातगाडीवर किंवा कंत्राटदाराकडे रोजंदारीवर आहेत, तेथे बिस्मार्कचा मार्ग बंद असतो आणि सर्वसाधारण कर हाच एक उपाय उरतो, तोही तोकडा. आफ्रिकेतील राष्ट्रप्रमुखांनी एप्रिल २००१ मध्ये अबुजा येथे सरकारी खर्चाचे १५ टक्के आरोग्यास देण्याचा संकल्प सोडला. त्याची पूर्तता फारच थोड्यांकडून झाली, आणि अतिगरीब देशांत आजही परदेशी मदतीचा वाटा सरकारच्या वाट्याशी स्पर्धा करतो. पॅसिफिक महासागरातील किरिबाटी किंवा सॉलोमन बेटे यांचे आकडे याउलट डोळे दिपवितात : रोग्याच्या खिशातून जवळजवळ काहीच जात नाही. पण विकत घ्यावे असे खाजगी औषधपाणी त्या बेटांवर फारसे उपलब्धच नाही, हे लक्षात आल्यावर कौतुक जरा ओसरते.

आशियातील तीन देशांपाशी मात्र थांबणे भाग आहे. श्रीलंकेत सरकारचा हिस्सा निम्म्याच्या आसपास आणि एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चारच टक्के. तरीही बाळंतपणातील मृत्यूंचे प्रमाण शेजाऱ्यांना हेवा वाटावा इतके कमी. तेथे १९३१ मध्येच प्रौढ मताधिकार आला, १९३४-३५च्या हिवतापाच्या भयंकर साथीने खेड्यापाड्यांतील दैन्य उघडे केले, आणि मते मागणाऱ्यांना गावोगाव दवाखाने आणि प्रसूतिगृहे द्यावी लागली. सरकारने आपला तोकडा पैसा रुग्णालयात दाखल करण्याजोग्या मोठ्या आजारांवर ठेवला. किरकोळ ताप-खोकल्यासाठी ज्याला ऐपत आहे तो संध्याकाळी खाजगी डॉक्टरकडे जातो आणि पैसे मोजतो. म्हणून खिशाचा हिस्सा मोठा दिसूनही देशोधडीचे प्रमाण तुलनेने कमी राहते. अल्प पैसा कोठे ठेवावा याचा इतका शहाणा विचार श्रीमंत देशांनीही क्वचितच केला असेल.

चीनची कहाणी उलट्या क्रमाची. सामुदायिक शेतीच्या काळात बहुसंख्य खेड्यांत सहकारी वैद्यकीय निधी आणि ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून ओळखले जाणारे, थोडके शिक्षण घेतलेले गावचे आरोग्यसेवक होते. कम्यून मोडल्या तसे ऐंशीच्या दशकात ते निधीही मोडले, आणि १९७८ मध्ये सुमारे २० टक्के असलेला खिशाचा हिस्सा २००१ पर्यंत ६० टक्क्यांवर गेला. राष्ट्र श्रीमंत होत असतानाच रोगी निराधार होत गेला. २००३ च्या सार्सच्या साथीने सरकारचे डोळे उघडले. त्याच वर्षी ग्रामीण विम्याची नवी योजना आली, २००९ मध्ये मोठी सुधारणा झाली, आणि तो हिस्सा ३० टक्क्यांच्या खाली उतरला. थायलंडने पगारपत्रकाबाहेरच्या लोकांकडून विम्याची वर्गणी गोळा करण्याचा खटाटोपच सोडून दिला. २००१ची निवडणूक जिंकलेल्या पक्षाने दर भेटीस ३० बाथ एवढेच शुल्क घेण्याचे वचन दिले होते. २००२ मध्ये देशभर लागू झालेल्या या योजनेत पैसा सर्वसाधारण करांतून येतो आणि रुग्णालयास माणशी ठरीव रक्कम मिळते. डॉक्टर संगुआन नित्यारुमफाँग यांच्यासारखे सरकारी सेवेतील वैद्य ही योजना आधीच आखून बसले होते, खेड्यांतील तालुका-रुग्णालये आधीच बांधून झाली होती, आणि मते मागणारा पक्ष तेवढा यावयाचा राहिला होता. खिशाचा हिस्सा तेथे तृतीयांशावरून दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आला. आणि पुढे लष्कराने सरकार उलथून पाडले तरी योजना उलथविण्याचे धाडस कोणी केले नाही.

फुकट मिळाले की लोक वारेमाप दवाखान्याच्या वाऱ्या करतील, हा आक्षेप या सर्व योजनांवर घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने कुटुंबांना निरनिराळ्या शर्तींचे विमे वाटून प्रयोग केला, तेव्हा मोफत उपचार घेणाऱ्यांचा खर्च भारी शुल्क भरणाऱ्यांपेक्षा बराच अधिक भरला, आणि सर्वसाधारण माणसाच्या प्रकृतीत त्यामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु गरीब आणि आधीच रक्तदाबाने ग्रासलेले जे होते, त्यांना मोफत उपचाराने स्पष्ट लाभ झाला. शुल्क निरुपयोगी भेट आणि आवश्यक भेट यांत निवड करीत नाही. ते दोन्ही सारखेच तोडते.

आता आपल्या देशाकडे. मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय एका दानशूर पारशी व्यापाऱ्याच्या देणगीतून आणि कंपनी सरकारने घातलेल्या भरीतून उभे राहिले, १९२६चे के.ई.एम. मुंबई महापालिकेने चालविले. म्हणजे सरकारचा हिस्सा म्हणून आज जे मोजले जाते त्यात दिल्लीचा वाटा आरंभापासून दुय्यमच. १९१९च्या सुधारणांनी आरोग्य हे सोपीव खाते करून प्रांतांतील लोकनियुक्त मंत्र्यांच्या गळ्यात बांधले, पण वाढता महसूल मात्र मध्यवर्ती सरकारकडे राहिला. प्रांतांच्या हाती जमीनमहसूल आणि आबकारी, त्यामुळे दारूबंदीची भाषा करणाऱ्या मंत्र्यास दारूच्याच उत्पन्नावर दवाखाने चालवावे लागत. भोर समितीने १९४६ मध्ये, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणासही उपचार नाकारले जाऊ नयेत हे तत्त्व सांगून, प्रथम दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र आणि पुढे दहा-वीस हजारांमागे ७५ खाटांचे रुग्णालय अशी भव्य योजना आखली. केंद्रे निघाली, खाटा कागदावर राहिल्या. राज्यघटनेने आरोग्य राज्यांच्याच सूचीत ठेवले, १९४८च्या कायद्याने कारखान्यातील कामगारास विमा मिळाला, आणि बाकीच्यांनी गावातल्या डॉक्टरकडे उधारी ठेवावी असा परिपाठ पडला.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २००४-०५ मध्ये सरकारचा हिस्सा २२.५ टक्के आणि खिशाचा ६९.४ टक्के होता. २०१३-१४ मध्ये सरकारचा हिस्सा २८.६, २०१८-१९ मध्ये ४०.६ आणि २०२१-२२ मध्ये ४८ टक्के झाला. खिशाचा हिस्सा त्याच क्रमाने ६४.२, ४८.२ आणि ३९.४ असा उतरत गेला. हा क्रम पाहून आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. पण आरंभी सांगितलेला अंश-छेदाचा विचार इथे लावून पाहा. २०१३-१४ ते २०१८-१९ या काळात सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.२८ टक्क्यांवर, म्हणजे अगदी किंचित सरकला. एकूण खर्च मात्र ४ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर घसरला. हिश्श्यातील बारा अंकांची ती झेप बव्हंशी छेद आटल्याची आहे. लोकांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागले म्हणून त्यांचा खर्च घटला, की त्यांनी उपचारच कमी घेतले, की पाहणीत त्यांचा खर्च पुरता नोंदला गेला नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु केवळ टक्का दाखवून विजयाची द्वाही फिरविणे हे या तिन्ही शक्यतांपैकी पहिलीच खरी मानल्यासारखे आहे. पुढील तीन वर्षांत अंश खरोखरीच वाढला, १.८४ टक्क्यांपर्यंत गेला, यात शंका नाही. तो महामारीचा काळ होता. २०१७च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ साठी ठरविलेले उद्दिष्ट २.५ टक्क्यांचे होते.

या अंशातही जवळजवळ दोन तृतीयांश भार राज्यांवर आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांनी आपल्या खर्चाच्या आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर लावावा असे सुचविले, आणि ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान थेट ग्रामपंचायती, नगरपालिका यांच्यामार्फत देण्याची तजवीज केली. दुसरीकडे वाढीव पैशाचा एक ओघ विम्याच्या वाटेने वाहू लागला आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आलेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि २०२३ मध्ये ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करून मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. केंद्राची आयुष्मान योजना सप्टेंबर २०१८ची. दोहोंतही बराच पैसा सरकारचा आणि शस्त्रक्रियागृह खाजगी, म्हणजे जपानची विभागणी. मात्र जपानचे दरपत्रक ज्या कडकपणाने पाळले जाते तो कडकपणा आपल्याकडे नाही, आणि कार्ड असूनही रुग्णालयाने वरकड पैसे मागितल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

शिवाय या योजना रुग्णालयात दाखल झालेल्याच्या आहेत. भारतीय कुटुंबाचा पैसा जातो तो मुख्यतः बाहेरच्या बाहेर : तपासणीची फी, रक्तलघवीचे अहवाल, आणि सर्वांत अधिक औषधे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तपासतो तेव्हा त्याचा पगार सरकारच्या हिश्श्यात जमा होतो. तोच डॉक्टर गोळ्या शिल्लक नाहीत म्हणून चिठ्ठी लिहून देतो तेव्हा समोरच्या औषधदुकानात दिलेली रक्कम खिशाच्या हिश्श्यात पडते. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढून, ठोक निविदांनी मूळ नावाची औषधे घेऊन ती गावोगावच्या केंद्रांपर्यंत वर्षभर पोहोचविण्याची व्यवस्था बसविली. राजस्थानने २०११ पासून त्याच धर्तीवर मोफत औषधे सुरू केली. इतर राज्यांनीही महामंडळे काढली, पण खरेदी वेळेवर होणे, पुरवठादाराचे बिल वेळेवर चुकते होणे आणि गोदामातील साठ्याची नोंद रोजच्या रोज होणे या तीन गोष्टी महामंडळाच्या पाटीबरोबर आपोआप येत नाहीत; त्यांसाठी भांडारपाल, औषधनिर्माते आणि लेखापाल यांची पदे भरावी लागतात.